आधी पट्टी विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



एखादी आवडती मालिका संपते. शेवटचा भाग बघून झालेला असतो, पडद्यावर नावं सरकत असतात आणि बघणाऱ्याला एकदम रितं रितं वाटायला लागतं. जत्रा उठल्यावर दुसऱ्या दिवशी मैदान भकास दिसतं ना, तसं. आता उद्यापासून काय बघायचं? आपल्या पिढीला हा अनुभव कादंबरी संपल्यावर यायचा. मग आपण ग्रंथालयाच्या टेबलाशी जाऊन विचारायचो, "अशीच आणखी एखादी आहे का हो?" आज सातारा-सांगलीकडच्या घरांमधून पंधरा-सतरा वर्षांची मुलं हाच प्रश्न विचारतात. फरक एवढाच, की कादंबरीच्या जागी ॲनिमे आलं आहे.

ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका आणि चित्रपट. काही श्रोत्यांना हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू नवी नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. मोगली, बघीरा, भालू यांनी गल्ल्या ओस पाडल्या होत्या. शीर्षकगीत गुलजारांचं होतं आणि शेरखानला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. ती मालिका मूळची जपानी, १९८९ साली निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनं केलेली, ५२ भागांची. म्हणजे आज मुलांना "हे काय जपानी खूळ घेऊन बसलास?" म्हणून रागावणारे अनेक बाप स्वतः लहानपणी ॲनिमेच बघत होते. त्यांना ते नाव तेवढं माहीत नव्हतं. पुढं डोरेमॉन आला, शिनचॅन आला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर'चा चित्रपट आपल्याकडच्या थेटरांत लागला, तेव्हा तरुण पोरांनी तो डोक्यावर घेतला.

आमच्या घरात दखनी बोलली जाते, उंबऱ्याबाहेर मराठी, आणि अलीकडं मुलं जपानी गाणी गुणगुणत असतात. मी कविता लिहिणारा माणूस. शब्द कानावर पडला की थांबतो. त्यामुळं या मुलांच्या शेजारी बसून मीही थोडंफार बघत गेलो. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं, की 'आता पुढं काय बघू?' हा साधा प्रश्न नाही. त्याला उत्तर देणं ही एक कला आहे. आज त्या कलेबद्दल बोलतो.

यंत्राची शिफारस

हल्ली हा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर हजर असतं. एक मालिका संपली की पडद्यावर दहा चित्रं येतात : तुम्ही हे पाहिलंत, म्हणून हेही बघा. यामागचं गणित फार अवघड नाही. ज्या हजारो लोकांनी पहिली मालिका आवडीनं पाहिली, त्यांनी आणखी काय पाहिलं, याचा हिशेब यंत्र ठेवतं आणि त्यातलं तुमच्यापुढं मांडतं. जोडीला विषय, प्रकार, साल, दिग्दर्शक अशा चिठ्ठ्या डकवलेल्या असतात, त्या जुळवल्या जातात. या कामाला किती किंमत आहे ते बघा. नेटफ्लिक्स कंपनीनं २००६ साली जाहीर केलं, की प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती गुण देईल याचा आमचा अंदाज जो कुणी १० टक्क्यांनी सुधारून दाखवेल, त्याला १० लाख डॉलर देऊ. २००९ साली ते बक्षीस दिलंही गेलं.

मी यंत्राला नावं ठेवणार नाही. माझ्या माहितीत नसलेल्या चांगल्या गोष्टी त्यानं मला दाखवल्या आहेत. पण त्याची एक अडचण आहे. तुम्ही काय पाहिलंत हे त्याला कळतं, का पाहिलंत हे तुम्ही त्याला कधी सांगत नाही. तलवारीची मालिका पाहिली की पुढं सात तलवारी येतात. भुतांची पाहिली की घरात भुतावळ शिरते. आणि माणसंही पुष्कळदा यंत्रासारखंच वागतात. "तुला ऐतिहासिक आवडतं ना? मग हे घे," म्हणतात आणि मोकळे होतात.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. शिकलगार घराण्यांनी दीड-पावणेदोन शतकं तिथं तंबोरे आणि सतारी घडवल्या. पंढरपूर भागातले भोपळे आणून, वाळवून, त्यांतून हे वाद्य उभं राहतं. तिथं तंबोरा घ्यायला गेलं, तर जाणता कारागीर किंमत नंतर सांगतो. आधी विचारतो, गाणार कोण? बाई की पुरुष? पट्टी कुठली? काळी दोन की काळी पाच? कारण पुरुषी आवाजाचा तंबोरा मोठा, बाईच्या आवाजाचा लहान. नक्षी कितीही सुंदर असली, तरी गाणाऱ्याच्या पट्टीला लागत नाही तो तंबोरा त्याच्या उपयोगाचा नाही. आवडीचं काही सुचवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. आधी पट्टी विचारावी.

एक मालिका, तीन पट्ट्या

'डेमन स्लेयर'चंच उदाहरण घेऊ. तांजिरो नावाच्या मुलाचं कुटुंब राक्षस मारून टाकतात. एक बहीण वाचते, पण तीही राक्षस होते. तिला पाठीवरच्या पेटीत घेऊन हा भाऊ राक्षसांशी लढत, तिला पुन्हा माणूस करण्याचा उपाय शोधत फिरतो. आमच्या घरातल्या तिघांना ही मालिका जीव की प्राण. मी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, "तुझ्या मनात काय राहिलं?"

थोरला पुतण्या म्हणाला, "चाचा, ती तलवारीची तालीम. श्वास कसा धरायचा, पाय कसा टाकायचा." म्हणजे याला मारामारी हवी आहे असं नाही, याला विद्या कमावण्यातली मेहनत आवडते. त्याला मी १९९६ची 'रुरोनी केन्शिन' सुचवली. त्यातला तलवारबहाद्दर पुन्हा कुणाचा जीव घ्यायचा नाही अशी शपथ घेतो आणि उलट्या धारेची तलवार बाळगतो. आणि जोडीला सांगितलं, की आपल्याकडच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात एकदा जाऊन ये. दांडपट्टा फिरवणाऱ्याचे पाय बघ.

भाची म्हणाली, "मामू, तो बहिणीला पाठीवर घेऊन चालतो ना, ते." तिला तलवारीशी देणंघेणं नाही. तिच्यासाठी 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड', २००९ची. मेलेल्या आईला परत आणायच्या नादात दोन भाऊ स्वतःचं शरीर गमावून बसतात आणि एकमेकांच्या आधारानं ते परत मिळवायला निघतात.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "राक्षस मरताना तांजिरो त्याचा हात धरतो." हे ऐकून मी त्याच्याकडं नव्यानं पाहिलं. वैऱ्याच्या दुःखानं ज्याचं मन हलतं, त्याला 'प्रिन्सेस मोनोनोके' द्यावा. हायाओ मियाझाकींचा १९९७चा चित्रपट. त्यात जंगल तोडणारी बाई आहे, पण तीच कुष्ठरोग्यांना आणि कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायांना काम आणि आसरा देते. शेवटपर्यंत खलनायक कोण ते ठरवता येत नाही.

यंत्राच्या लेखी या तिघांनी एकच मालिका पाहिली होती. मला मात्र तीन वेगळी माणसं भेटली. घरातल्या मुलाला पुढचं काही सुचवण्याचा पहिला फायदा हा, की सुचवण्याआधी मूल कळतं.

मोगलीकडून माडगुळ्याकडं

एकदा पट्टी सापडली, की वाद्य कुठल्याही देशातलं चालतं. मग जपानी मालिकेच्या चाहत्याला जपानीच मालिका कशाला द्यायची? आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत काय कमी पिकलं आहे? मुलं मराठी वाचत नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण त्यांना जे आवडतं तिथून मराठी पुस्तकापर्यंत पायवाट पाडून देणारे किती? मी काही जोड्या लावून पाहिल्या. त्या तुमच्यापुढं ठेवतो.

'जंगल बुक' ज्याला आवडलं, त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' द्या. सांगली जिल्ह्यातल्या माडगुळ्याचा हा लेखक. १९८२ साली आलेल्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या आहेत, टोळीचा मुखिया आहे, त्याचं म्हातारपण आहे आणि त्याची जागा घ्यायला टपलेले तरुण नर आहेत. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. किपलिंगच्या मूळ गोष्टीतही लांडग्यांचा म्हातारा पुढारी अकेला आहेच. दोन्हीकडं जंगलाचा कायदा तोच. पण माडगूळकरांची वानरं बोलत नाहीत, गाणी म्हणत नाहीत, आणि नव्या मुखियाच्या हातून पिल्लांचं काय होतं ते वाचताना काळजाचं पाणी होतं. म्हणून हे पुस्तक जरा जाणत्या मुलाला द्यावं.

'मुशिशी' नावाची २००५ची एक शांत मालिका आहे. गिंको नावाचा भटक्या गावोगाव फिरतो. 'मुशी' म्हणजे डोळ्यांना सहसा न दिसणारे जीव. त्यांच्यामुळं माणसांच्या आयुष्यात काही गुंते झालेले असतात, ते तो समजून घेतो. जमलं तर सोडवतो, नाही जमलं तर दोन दिवस थांबून पुढं चालू लागतो. प्रत्येक भागात नवं गाव, नवी माणसं. कुणाला दोष देणं नाही, उपदेश नाही. ही मालिका बघताना मला राहून राहून १९४९ सालची 'माणदेशी माणसं' आठवत होती. पावसानं पाठ फिरवलेल्या त्या मुलखातली एकेक व्यक्ती माडगूळकर आपल्यापुढं उभी करतात आणि बाजूला होतात. 'मुशिशी'च्या चाहत्याला धावपळ नको असते, कुणीतरी माणसाकडं निवांत बघावं एवढंच हवं असतं. असा वाचक 'माणदेशी माणसं'वरून 'बनगरवाडी'कडं आपोआप जातो. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला आलेल्या तरुण मास्तरची ती गोष्ट, १९५५ सालची.

'वन पीस'ची तर मुलांत धूम आहे. १९९९ पासून चालू असलेल्या या मालिकेचे हजाराच्या वर भाग झाले. समुद्री चाच्यांची गोष्ट. पण मुलांना चाचे का आवडतात? त्यातलं सरकारच अन्यायी आहे, आणि कायद्यानं ज्यांना गुन्हेगार ठरवलं ती माणसं मित्रासाठी जीव टाकतात, भुकेल्याला आधी जेवू घालतात. ही पट्टी ज्याची असेल, त्याच्या हातात अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' ठेवा. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ. जन्म १९२०चा. शाळा जवळजवळ नाहीच. १९५९ साली आलेली ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. इंग्रजी अमलात जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या मांग समाजातला फकिरा दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना जगवतो. मुलाला फक्त एवढं सांगा, की हे समुद्रात घडत नाही, वारणेच्या खोऱ्यात घडतं. पुस्तक तो आपणहून उघडेल.

'नारुतो'मधला पोरका मुलगा गावाला नकोसा असतो. त्यानं काहीच केलेलं नसतं. त्याच्या शरीरात एक राक्षसी कोल्हा कोंडलेला आहे, म्हणून आया आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. सगळ्यांनी आपल्याला माणूस म्हणून ओळखावं, एवढ्यासाठी तो धडपडतो. या मुलासाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला फलटण भागातल्या लक्ष्मण मानेंचं 'उपरा' वाचायला सांगा. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा आणि त्याची शाळा. १९८० साली आलेल्या या आत्मकथनाला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मात्र इथं सुचवणाऱ्यानं एक पथ्य पाळायला हवं. सारखं काय आहे ते सांगतानाच वेगळं काय आहे तेही सांगावं. नारुतोजवळ अफाट शक्ती असते आणि पुढं सगळं गाव त्याला डोक्यावर घेतं. 'उपरा'मधल्या मुलाजवळ पाटी-पुस्तकाशिवाय काही नाही, आणि तो कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही. त्याची भूक खरी आहे. ती करमणूक म्हणून मुलाच्या हातात दिली, तर तो त्या पुस्तकाचा अपमान होईल.

हलकंफुलकं हवं असेल तर मियाझाकींचाच 'माय नेबर तोतोरो' घ्या. आई दवाखान्यात, वडील कामात, आणि खेड्यातल्या नव्या घरात आलेल्या दोन लहान बहिणींना रानात एक भलामोठा केसाळ दोस्त भेटतो. हा चित्रपट आवडलेल्यांसाठी आपल्याकडं लंपन आहे. कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणारे प्रकाश नारायण संत यांनी 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांत त्याला जिवंत केला. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहणारा लंपन. त्याचं गाव सीमाभागातलं, बोली कानडीच्या शेजारानं गोड झालेली. तोतोरो कुठं भेटत नाही, पण झाडं, पूल, रेल्वे यांच्याकडं बघणारे डोळे तेच.

पुस्तकाबाहेरही बघा

सुचवायचं म्हणजे पुस्तकच सुचवायला हवं असं नाही. 'हायक्यू' ही व्हॉलीबॉलची मालिका २०१४ साली सुरू झाली. नायक बुटका. उंच मुलांच्या खेळात केवळ उडीच्या आणि जिद्दीच्या जोरावर उभा राहतो. तिची मजा अशी, की समोरच्या संघातला खेळाडूही तितकाच जीव लावून खेळतो आणि बघणाऱ्याला दोघंही आवडतात. ही मालिका बघणाऱ्या मुलाला घेऊन कराडजवळच्या गोळेश्वरला जा. हे खाशाबा जाधवांचं गाव. उंची बेताची, म्हणून लोक त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणत. १९४८ला लंडनला गेले, सहावे आले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे जमवताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं, असं सांगतात. खाशाबांनी तिथं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि मुलांना आवडेल अशी गोष्ट पुढंच आहे. त्या गटात सुवर्णपदक मिळवणारा, खाशाबांना चुरशीच्या कुस्तीत हरवणारा मल्ल जपानचा होता, शोहाची इशी. कराडचं पोर आणि जपानचं पोर तेव्हाच एका मॅटवर भेटलं होतं.

सारखेपणाची चिठ्ठी

आता ज्यासाठी हे सगळं मांडलं, त्या मुद्द्यावर येतो.

कुठं कवितावाचन झालं की शेवटी एखादा सज्जन रसिक भेटतो. मनापासून म्हणतो, "तुमच्या कविता आवडल्या. आता तुमच्यातले आणखी कवी सांगा ना." तुमच्यातले म्हणजे मुसलमान. मी वाचलेली असते द्राक्षबागेवर पडलेल्या गारांची कविता. त्याला ती आवडलेली असते, कारण त्याच्याही घरी द्राक्षबाग असते. मग त्याला पुढं कुणाची कविता सांगायला हवी? शेतीवर लिहिणाऱ्या कुणाचीही, मग तो कुठल्या का घरातला असेना. पण कवितेवर चिठ्ठी माझ्या नावाची लागलेली असते, म्हणून तो त्या नावाच्या रांगेत पुढचं पुस्तक शोधतो. त्याचा हेतू वाईट नसतो. सवय तशी पडलेली असते. दलित साहित्य या कपाटात, ग्रामीण त्या कपाटात, मुस्लिम मराठी साहित्य पलीकडच्या कोपऱ्यात. अभ्यासकाला या चिठ्ठ्या लागतात, चळवळींनाही त्यांची गरज होती. ज्यांचं कुणी वाचत नव्हतं, त्यांना या चिठ्ठ्यांनीच दारात उभं केलं, हे मी विसरत नाही. पण दारात आलेल्या माणसाला आयुष्यभर दारातच बसवायचं नसतं.

'माणदेशी माणसं'ची अनुक्रमणिका काढून बघा. धर्मा रामोशी, शिदा चांभार, शिवा माळी, आणि त्यांच्याच पंक्तीला मुलाण्याचा बकस, तांबोळ्याची खाला, बाबाखान दरवेशी. एकाच गावची, एकाच दुष्काळाची माणसं. माडगूळकरांनी त्यांच्यासाठी वेगळा विभाग केला नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार २०२१ साली गेले. त्यांची गझल आवडली, तर तिथून सुरेश भटांकडं जावं आणि भटांच्या चाहत्यानं इलाहींकडं यावं, ही खरी वाट. गझल फारसी-उर्दूतून मराठीत आली आणि घरची झाली. जपानची हायकू शिरीष पैंनी आणली, तीही रुळली. मराठीनं पाहुण्यांची जात विचारून पाट मांडलेला नाही. मग तिच्या वाचकानं तरी का विचारावी?

महाबळेश्वरच्या वाटेवर पाचगणीच्या पुढं भिलार आहे. मे २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि प्रत्येक घराला साहित्याचा एकेक प्रकार वाटून दिला आहे. एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता. मला ही मांडणी फार आवडते, कारण घरं वेगळी असली तरी रस्ता एकच आहे. एका घरातून निघून दहा पावलांवरच्या दुसऱ्या घरात शिरायला कुणाची आडकाठी नाही. चिठ्ठी असावी ती अशी, पत्ता सांगण्यापुरती.

आता तुमची पाळी

मुलांना सुचवायचं, तर त्यांनी सुचवलेलंही घ्यायला हवं. वाट दोन्ही बाजूंनी चालली तरच रुळते. 'बनगरवाडी' ज्यांना पाठ आहे, त्यांनी मुलाशेजारी बसून 'मुशिशी'चे दोन भाग बघावेत. बुद्धचरित्रात ज्यांना रस आहे, त्यांनी ओसामू तेझुकांची 'बुद्ध' ही चित्रकादंबरी चाळावी. रामायण ऐकत वाढलेल्या आजी-आजोबांना नातवंडांनी 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' दाखवावा. युगो साको या जपानी माणसानं आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन १९९२ साली तो केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला.

आणि चित्रांची गोष्ट म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हणालं तर त्यांना कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण द्या. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी उघडून, एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारत सांगत आले. जपानमध्येही सायकलवर लाकडी चौकट बांधून, चित्रं सरकवत गोष्ट सांगणारे 'कामिशिबाई'वाले १९३०च्या दशकात गल्लोगल्ली फिरायचे आणि जोडीला गोळ्या-मिठाई विकायचे. पिंगुळीच्या आणि जपानच्या त्या माणसांची गाठ पडली असती, तर भाषेवाचून त्यांचं काही अडलं नसतं.

कधी कधी उत्तम शिफारस उलटी असते, हेही सांगून ठेवतो. १६ एप्रिल १९८८ या दिवशी जपानमध्ये दोन चित्रपट जोडीनं लागले. एक मघाशी सांगितलेला 'तोतोरो', आणि दुसरा इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. युद्धाच्या शेवटी कोबे शहरात अन्नान्न दशेला लागलेली दोन भावंडं त्यात आहेत. तो बघून माणूस सुन्न होतो. दोन्हींत भावंडं, दोन्हींत आई जवळ नाही, पण एक रडवतो आणि दुसरा डोळे पुसतो. तुमचं मूल एखादी दुःखी गोष्ट बघून गप्प बसलं असेल, तर त्याला लगेच दुसरी तशीच देऊ नका. त्याला त्या दिवशी तोतोरोची गरज असते.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री जेवणं झाली की घरातल्या मुलाला किंवा मुलीला तीनच गोष्टी विचारा. तू जे बघतोस त्यातलं कोण तुला आवडतं? कुठल्या जागी तुझा श्वास अडकला? संपल्यावर तुला काय हवंहवंसं वाटलं? उत्तर येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका, मोबाइलला नावं ठेवू नका. मग आठवून बघा, तसंच काही तुम्हाला कुठं भेटलं होतं. एखाद्या पुस्तकात, कीर्तनात, कुस्तीच्या मैदानात, नाहीतर तुमच्या आजीच्या बोलण्यात. ते नाव त्याला सांगा. नाही आठवलं, तर उद्या दोघं मिळून गावच्या वाचनालयात जा आणि टेबलामागच्या माणसाला विचारा. या प्रश्नाची तो बऱ्याच दिवसांपासून वाट बघत असेल.